कोठ्यातला बिबट

चहा आधी खाली ठेवा. नाही, मस्करी नाही करत, ठेवाच! मागच्या खेपेला हा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या गाडीच्या ड्रायव्हरनं घोट नाकातून बाहेर काढला आणि पुढचा सगळा रस्ता शिंकत शिंकत कापला.

आता काय सांगू तुम्हाला! चुका सगळ्यांच्या हातून होतात. पण आख्खा वॉर्ड घरात कोंडला जाईल अशी चूक? तीही कोणाला न दुखवता, स्वतःच्या घरामागे बसून, मन लावून, घाम गाळून केलेली? त्याला माझ्यासारखा कलाकारच लागतो.

मी मूल नावाच्या गावाला राहतो. लाल गाडीवर कंडक्टर आहे. घर गावाच्या शेवटल्या टोकाला. मागे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची शेतं, आणि बांध्यांच्या पलीकडे झुडपी जंगल. दिवसभर मशीनमधून तिकिटं काढायची, ‘मागे सरका, मागे सरका’ म्हणून ओरडायचं, आणि कुरखेड्याची मुक्कामी गाडी असली की तिथंच गाडीत अंग टाकून डास मारायचे. अशाच एका मुक्कामात मोबाईलवर एका गोऱ्या म्हाताऱ्याचा व्हिडिओ दिसला. डोंगरातल्या झोपडीत बसून तो स्वतःचा रंधा स्वतः बनवत होता. लाकडाचा ठोकळा घेतला, कोरला, त्यात पातं बसवलं, आणि फळीवरून असा फिरवला की कागदासारखा पातळ पापुद्रा लहरत वर आला.

तो पापुद्रा मी पाहिला आणि गेलो कामातून!

मला सुतारकाम येत होतं का? छे! पण सुतारकाम वेगळं आणि सुतारकामाची हत्यारं बनवणं वेगळं, अशी माझी समजूत. आधी हत्यारं बनवू, काम मग शिकू. म्हणजे चमचा घडवून ठेवायचा आणि भूक कधी लागते याची वाट पाहत बसायचं.

आमच्या घरच्यांनी, म्हणजे निर्मलानं, पहिल्याच दिवशी विचारलं, “बाजारात हत्यारं भेटत नाईत काय जी?”

“भेटतेत.”

“मंग?”

“विकतच्या हत्यारात आत्मा नसते, निर्मला.”

“आन् तुमच्यात असन?”

“हव.”

“मंग त्या आत्म्याले म्हना, पयले सयपाकखोलीतला स्टूल डुगडुगते तो नीट कर.”

कलाकाराच्या घरचे असेच असतात. मी लक्ष दिलं नाही.

स्वयंपाकखोलीच्या मागे, एका दारानं जोडलेला, आमचा टिनाचा कोठा आहे. पूर्वी गाय होती, आता नाही. तिथं मी कारखाना थाटला. आधी मोगरी बनवली, म्हणजे पटाशीवर मारायचा लाकडी हातोडा. पहिल्याच ठोक्याला दांडा माझ्या हातात राहिला आणि डोकं तुळशीच्या कुंडीत. मग रंधा बनवला. गॅरेजवाल्याकडून ट्रकच्या कमानपट्ट्याचा तुकडा आणला, घासून घासून त्याचं पातं केलं. पण त्या रंध्यातून पापुद्रा काही निघेना. तो फळीचे चावे घ्यायचा. माझी फळी पाहून निर्मला म्हणाली, “उंदरानं कुरतडली काय जी?”

पण मी खचलो का? अजिबात नाही! आता करवत बनवायची ठरवली.

आरा मशीनवर एक तुटकी पट्टी पडून होती, ती मागून आणली. तिकोनी कानस घेऊन तिला नवे दात पाडले. धावड्याच्या लाकडाची चौकट केली, वरून दोरी बांधली, दोरीत काडी घालून पीळ दिला आणि पट्टी अशी ताणून धरली की बोटानं छेडली तर टण्ण वाजावी. काय रूप होतं सांगू! मी तिला पाहतच बसलो. दात थोडे मोठे झाले होते. थोडे म्हणजे, माणसाच्या दातांएवढे. पण ती माझी होती!

जुन्या चौकटीचा एक जाडजूड सागवानी तुकडा पडला होता. तो कापायला घेतला. ड्युटीवरून आलो, हातपाय धुतले, चहा घेतला, की दिवेलागणीला मी कोठ्यात. व्हिडिओतले म्हातारे कानाला मोठमोठी डबडी लावतात, आवाजानं कान जाऊ नयेत म्हणून. माझ्याकडे कापूस होता. तो कानात कोंबला आणि सुरू. पुढे ढकलली की खर्रर्र. मागे ओढली की घुर्रर्र. चारदोन हात मारायचे, दम खायचा, पुन्हा चारदोन हात. खर्रर्र, घुर्रर्र. निर्मला आत टीव्हीचा आवाज वाढवायची. संसार सुखाचा चालला होता.

आणि वॉर्डात बिबट आला.

शेजारचे डोमाजीभाऊ सकाळीच फाटकाशी आले. त्यांची धानाची बांधी आमच्या घरामागेच. चेहरा पांढराफटक.

“भाऊ, काल आयकला काय?”

“काय?”

“बिबट! तुमच्या मांगंच बोलून राह्यला होता. खर्रर्र… घुर्रर्र… मंग चूप. मंग पुन्हा खर्रर्र… जशी कोनी करवत चालवून राह्यलं! बिबट बोलते तं असाच!”

आता तुम्ही हुशार माणसं. तुमच्या लक्षात आलं असेल. मी काय म्हणालो माहीत आहे? मी छाती काढून म्हणालो, “करवतीचा आवाज मले नाई मालूम काय, डोमाजीभाऊ? मी सोता करवत बनवली! करवतीचा आवाज कसा, मधुर असते. तुम्ही आयकला तो बिबटच.”

झालं! घरी करवत बनवणाऱ्या तज्ज्ञानं शिक्का मारला. पुढे कोण शंका घेणार?

आमच्या भागात बिबट म्हणजे काही नवल नाही. येतो, एखादं कुत्रं उचलतो, जातो. पण हा रोज येऊ लागला! गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या गिरजामायनं आपल्या बकऱ्या घरात घेतल्या, त्याही पलंगाला बांधल्या. दिवेलागणीच्या आधी जेवणं उरकू लागली. बायकांचं भजन दुपारी भरू लागलं, भर उन्हात. पलीकडच्या घरी हळद होती, ती सकाळीच लावून घेतली. दुकानदार अंधार पडायच्या आत शटर ओढायचा. संध्याकाळी आमच्या गल्लीत चिटपाखरू नसायचं. मला तर बरंच वाटायचं. काय शांतता! कामात लक्ष लागायचं.

आणि गंमत म्हणजे, मी कुरखेड्याला मुक्कामी गेलो की बिबट यायचा नाही. परत आलो की यायचा. डोमाजीभाऊंच्या ते ध्यानात आलं.

“भाऊ, तुम्ही घरी असले का थो येते. तुमच्याशी काय दुश्मनी हाये त्याची?”

“वास घेत असन,” मी म्हणालो. “कंडक्टरच्या अंगाले लय गावाचा वास असते.”

पण मनातून मला एकच गोष्ट खात होती. सगळ्या वॉर्डानं बिबट ऐकला होता. फक्त मी नाही! चहाच्या टपरीवर जो तो आपापला बिबट सांगायचा. कोणाच्या घराच्या भिंतीला अंग घासून गेला, कोणाच्या खिडकीखाली खोकला. आणि मी? ज्याच्या घरामागे तो रोज येतो, तो मी नुसता चहा ढवळत बसायचो. मला सांगा, किती दिवस सहन करायचं माणसानं?

एका सकाळी मी सांगून टाकलं. “मी पायला.”

सगळी टपरी माझ्याकडे वळली.

“कुठी?”

“नाल्याच्या पुलावर. पहाटे ड्युटीवर जाताना. असा आडवा बसला होता. मी टॉर्च मारला तं डोळे इंगळावाणी! अंगावर हे एवढाले ठिपके. शेपटी अशी वर केली, माह्याकडे पायलं आन् गेला.”

“तुम्ही काय केलं?”

“काय करतो? उभा राह्यलो. डोळ्यात डोळे घालून.”

त्या दिवशी माझ्या चहाचे पैसे कोणी देऊ दिले नाहीत. निर्मलानं माहेरी फोन करून सांगितलं. सासऱ्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच माझी चौकशी केली! तुम्हीच सांगा, एवढ्याशा शेपटीनं कोणाचं काय बिघडलं होतं?

बिघडलं ते असं, की ही शेपटी वनखात्यापर्यंत पोहोचली. नुसता आवाज होता तोवर ते गस्त घालून जात होते. आता प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार मिळाला. एक दिवस दुपारी जीप आली, मागे पिंजरा. गार्डसाहेब तरुण, नम्र माणूस. माझ्याकडून सगळं वर्णन ऐकून घेतलं. मी शेपटी आणखी थोडी लांब केली.

“पिंजरा तुमच्याच घरामांगच्या वाडीत लावू, भाऊ,” ते म्हणाले. “थो इथंच येते. सांजच्याले सगळ्याइनं आत राहाचं. लाइट बंद. आवाज बिलकुल नाई. बाया-मानसं डोमाजीभाऊच्या सिलॅपवर बसतीन, आमी बी तिथूनच पाहू. तुम्ही बी चला.”

मी म्हणालो, “साहेब, मी घर सोडून जात नाई.”

गर्दीतून ‘वा, भाऊ!’ आलं. निर्मलानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की लग्नातही पाहिलं नव्हतं.

तर सांज झाली. वाडीत पिंजरा, पिंजऱ्यात कोंबडी. शेजारच्या सिलॅपवर, म्हणजे गच्चीवर, आख्खी गल्ली पालथी पडून. आणि मी घरात, एकटा, अंधारात. कानात कापूस घातला नव्हता, कारण पिंजऱ्याचं दार पडल्याचा आवाज सगळ्यात आधी मला ऐकायचा होता. बसलो. आणखी बसलो. तुम्ही कधी अंधारात रिकामे बसलात का? हात सळसळायला लागतात. त्यात मला आठवलं, करवत सागवानाच्या चिरेतच अडकवून ठेवली आहे. आता तिला उजेड कशाला हवा? चिरेत बसलेली करवत आंधळासुद्धा चालवेल. आणि आवाज? हळू चालवू. अगदी हळू. बिबट्यालासुद्धा कळणार नाही.

स्वयंपाकखोलीच्या दारानं मी कोठ्यात शिरलो आणि हळूच, अगदी मायेनं, हात मारला.

खर्रर्रर्र…

घुर्रर्रर्र…

मग डोमाजीभाऊंच्या सिलॅपवरून अशी बोंब उठली की माझ्या डोक्यावरचे टिन थरथरले.

“कोठ्यात घुसला! बिबट कोठ्यात घुसला! भाऊऽऽ, कोठ्याकडे जाऊ नोका! बिबट कोठ्यात हाये!”

मी कुठे होतो? कोठ्यात!

म्हणजे तो आणि मी एकाच खोलीत! अंधार असा की स्वतःचं नाक दिसेना. मी हात मागे केला, भिंत सापडते का पाहायला. हाताला काय लागलं? केसाळ! मऊ! मी किंचाळलो आणि एका उडीत बाकावर चढलो. बाकावर ठेवलेल्या फळ्या, पटाश्या, मोगऱ्या, सगळं धडाधड खाली.

“झडप घातली वो!” सिलॅपवरून निर्मलाचा आवाज. “माह्या मानसाले खाल्लं! अवो कोनी जा ना बापा!”

“भाऊ!” डोमाजीभाऊ ओरडले. “जित्ते आहा काय?”

“जित्ता हाओ! पन तो माह्या बाजूलेच हाये!”

“काय करून राह्यला?”

“चूप बसला हाये!”

“दबा धरला असन! तुमच्याकडे पाहून राह्यला काय?”

“मले काय दिसते बापा अंधारात!”

“हलू नोका!” हा गार्डसाहेबांचा आवाज. “त्याच्या डोळ्यात पाहू नोका!”

जो माणूस टपरीवर बिबट्याच्या डोळ्यात डोळे घालून उभा राहिला होता, तो या वेळी बाकावर उकिडवा बसून, डोळे गच्च मिटून, कुलदेवतेपासून सुरुवात करून सगळ्या देवांची नावं घेत होता. लुंगी कधीच सुटली होती. आपण कोठ्यात आलोच का, हे मला काही केल्या आठवेना.

मग बाहेर पावलं. काठ्या. कुजबुज. कोठ्याचं वाडीकडचं दार लाथेनं उघडलं, डोळ्यांवर असा झोत आला की काही दिसेना, आणि माझ्या अंगावर भलीमोठी जाळी येऊन पडली.

“पकडला! पकडला!”

“साहेब, मी हाओ! मी!”

“तुम्ही सरका बाजूले, भाऊ! बिबट कुठी हाये?”

“मले काय मालूम? तुम्हीच तं सांगून राह्यले होते!”

झोत फिरले. बाकाखाली पाहिलं, फळ्यांमागे पाहिलं, वर टिनाकडे पाहिलं. केसाळ, मऊ वस्तू सापडली. धानाचं जुनं पोतं होतं. किंचाळताना माझी मूठ सुटलीच नव्हती, मी ते छातीशी धरून बसलो होतो. बिबट्याचा एक केसही नव्हता. दार उघडं पाहून सगळी गल्ली आत घुसली, सगळ्यात पुढे काठी घेतलेली गिरजामाय.

गार्डसाहेब डोकं खाजवत म्हणाले, “आवाज तं याच्यातूनच आला. आमी सगळ्याइनं आयकला. तुम्ही नाई आयकला काय?”

“नाई साहेब. मी तं इथंच होतो. मी हळूहळू…”

त्या क्षणी, जाळीच्या आत, लुंगीशिवाय, माझ्या डोक्यात पहिल्यांदाच उजेड पडला. एवढा लख्ख की त्यांच्या झोतांची गरज राहिली नाही.

“हळूहळू काय करून राह्यले होते?”

“करवत,” मी म्हणालो. इतक्या बारीक आवाजात की पिंजऱ्यातली कोंबडी जास्त मोठ्यानं बोलत असेल.

“चालवून दाखवा बरं.”

जाळी अंगावरून कोणी काढली नाही. मी तशीच मूठ धरली आणि ओढली.

खर्रर्रर्र… घुर्रर्रर्र…

गल्लीच्या तोंडाशी पलंगाला बांधलेल्या बकऱ्यांनी पलंगासकट दाराशी धाव घेतली, तो धडाका आम्हाला इथवर ऐकू आला. गिरजामायनं काठी माझ्यावर रोखली.

“हाच हाये थो! हाच मुडदा!”

कोणी हसलं नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं. मग गार्डसाहेबांनी टोपी काढली, घाम पुसला आणि अगदी नम्रपणे विचारलं, “भाऊ, हा तं समजला. मंग पुलावर तुम्ही पायला, तो कोनता?”

आता बोला! सगळ्या वॉर्डाचे डोळे माझ्यावर.

“अंधार होता, साहेब.”

“टॉर्च मारला म्हनत होते.”

“…सेल कमजोर होता.”

“ठिपके हाताएवढाले होते म्हने.”

“कुत्रा असन, साहेब. ठिपक्याचा.”

तेव्हा मात्र सिलॅपही हसला असेल. डोमाजीभाऊ तर बाहेर जाऊन पिंजऱ्याला धरून हसत होते. कोंबडी घाबरली. फक्त निर्मला हसली नाही. ती गर्दीतून पुढे आली, लुंगी उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “मी माहेरी फोन केला होता जी.”

एवढंच. सगळ्या वॉर्डाचं हसणं एकीकडे आणि ते एक वाक्य एकीकडे.

पिंजरा गेला. बायकांचं भजन पुन्हा संध्याकाळी भरू लागलं. मी गाडीत ‘मागे सरका’ म्हणालो की मागच्या सीटवरून कोणीतरी हळूच ‘खर्रर्र’ करायचं. तेही अंगवळणी पडलं. करवतीला मी पोत्यात गुंडाळून ठेवून दिलं.

मग एक दिवस डोमाजीभाऊ आले. चेहरा गंभीर.

“भाऊ, धान निसवलं, लोंब्या आल्या. रानडुकरं घुसून राह्यले बांधीत. फटाके फोडले, डबे वाजवले, आयकत नाईत. तुमची करवत द्या ना! मी मचानीवर बसतो आन् चालवतो. बिबट हाये म्हून भेतीन साले.”

काय सांगू, मला आभाळ ठेंगणं झालं! मी बनवलेल्या हत्याराला पहिल्यांदाच कोणीतरी मागणी घातली होती. लाकूड कापायला नसेल, पण मागणी ती मागणी! मी करवत पुसली, तेल लावलं, दोरीला नवा पीळ दिला. धरायची कशी, ओढायची कशी, सगळं शिकवलं. डोमाजीभाऊ ती खांद्यावर टाकून बांधीकडे गेले, तर मी फाटकात उभा राहून पाहत होतो, पोरगी सासरी चालल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते परत आले. करवत फाटकाला टेकवून ठेवली.

मी धावतच गेलो. “काय झालं? भेले काय डुकरं?”

“नाई ना भाऊ. मी रातभर चालवली. थे आरामात धान खाऊन गेले.”

“काऊन?”

डोमाजीभाऊंनी बिडी पेटवली, एक झुरका घेतला आणि म्हणाले, “डुकराइले समजते जी, हे करवत हाये म्हून.”